भिंतीवरील डोळ्याची साक्ष

गतवर्षीं आषाढांत आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं जो प्रसंग ओढवला, तो त्या कुटुंबाच्या संमतीनें आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. नांवें सांगण्याचें कारण नाहीं. घरांतील वडील माणसाला सारेजण अण्णा म्हणत. आम्हीही अण्णाच म्हणूं. वय चौऱ्याहत्तर, शाळेंतून निवृत्त होऊन सोळा वर्षें झालेलीं, प्रकृति काटक. पहाटे स्नान आटोपून देवाला फुलें आणावयास जाण्याचा त्यांचा परिपाठ पाऊस असो, थंडी असो, कधीं चुकला नाहीं. त्या दिवशींही ते छत्री व परडी घेऊन निघाले, आणि घरापासून दोनशें पावलांवर रस्ता ओलांडतांना एका मोटारीनें त्यांना उडविलें. मोटार क्षणभर थांबली व निघून गेली. क्रमांक कोणी धड पाहिला नाहीं. तिसऱ्या दिवशीं रुग्णालयांत अण्णांचें देहावसान झालें.

त्यानंतरचे दिवस एकत्र कुटुंबांत कसे जातात हें वाचकांस सांगावयास नको. थोरला मुलगा तीन दिवस अतिदक्षता विभागाच्या दारांत बसून होता. धाकटा रक्ताच्या पिशव्या, औषधें आणि विम्याचे कागद यांच्यामागें धांवत होता. पुढें बाहेरगांवचे आप्त आले, दहावा झाला, अकरावा-बारावा झाला, तेराव्याचा विधि यथासांग पार पडला. कर्तव्यांत कोणी कसूर केली नाहीं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहाच्या सुमारास धाकट्या मुलाच्या मनांत आलें कीं, अपघात जेथें झाला त्याच्या बरोबर समोर एक किराणा दुकान आहे, आणि त्याच्या पाटीखालीं कॅमेरा बसविलेला आहे. तो तसाच दुकानांत गेला. दुकानदार भला माणूस. त्यानें यंत्र उघडून दाखविलें. त्यांत सर्वांत जुनें जें चित्र शिल्लक होतें, तें अपघाताच्याच दिवसाचें होतें, पण सकाळीं नऊनंतरचें. अपघात पांच वाजून चाळीस मिनिटांनीं झाला होता. पंधरा दिवस तें चित्र त्या यंत्रांत सुखरूप पडून होतें, आणि मुलगा दुकानाची पायरी चढला त्याच्या तीन-चार तास आधीं पुसलें गेलें होतें.

मग पोलिसांनीं काय केलें, असें कोणी विचारील. त्यांनीं पंचनामा केला होता, रस्त्यावरील कांचांचे तुकडे गोळा केले होते. पण त्या पहाटेच्या वेळीं दुकान बंद होतें आणि पुन्हा तेथें फेरी झाली नाहीं. एका हवालदाराकडे किती प्रकरणें असतात हें ज्यांना ठाऊक आहे, ते त्याला एकट्याला दोष देणार नाहींत. आम्हांला बोचतें तें निराळेंच. त्या पंधरा दिवसांत त्या घरांत निदान चाळीस माणसें येऊन गेलीं. त्यांत वकील होते, अभियंते होते, निवृत्त सरकारी अधिकारी होते. चार दिवस आम्हीही जाऊन बसलों होतों. दुकानावरून जातां येतां त्या कॅमेऱ्याखालून आम्ही सर्वजण गेलों. एकालाही वर पाहावेंसें वाटलें नाहीं.

आतां या यंत्राचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे. कॅमेरा हा केवळ डोळा आहे; त्याची स्मृति दुसऱ्या एका पेटींत असते. तिला डीव्हीआर किंवा एनव्हीआर म्हणतात आणि ती बहुधा गल्ल्याच्या मागें अथवा पोटमाळ्यावर ठेवलेली असते. तिच्यांतील तबकडीवर ठराविकच चित्रण मावतें. शाळेंत आपण पाटी भरली कीं वरची ओळ पुसून पुन्हा लिहीत होतों, तसेंच ही पेटी करते: जागा संपली कीं सर्वांत जुनें चित्रण पुसून त्यावर नवें उतरविते. कोणी हुकूम करावा लागत नाहीं, कोणाला कळतही नाहीं. कॅमेरे अधिक, चित्र अधिक स्पष्ट, तबकडी लहान, तर ही स्मृति आठ दिवसांचीही नसते. मोठी तबकडी असेल तर महिना-दीड महिना टिकते. कित्येक कॅमेरे समोर हालचाल झाली तरच चित्र टिपतात, त्यांची स्मृति अधिक पुरते. मोटारीच्या पुढील कांचेवर लावलेल्या डॅशकॅमची चिप तर कांहीं तासांतच भरून पुन्हा लिहूं लागते. अपघातानंतर गाडी चालवीत घरीं आणली एवढ्यानेंही पहिलें चित्र जाऊं शकतें. सर्वोच्च न्यायालयानें २ डिसेंबर २०२० रोजीं पोलिस ठाण्यांतील कॅमेऱ्यांचें चित्रण अठरा महिने, आणि तशी सोय बाजारांत मिळत नसल्यास निदान एक वर्ष तरी जपावें असा आदेश दिला. तो कोठडींतील छळाच्या प्रश्नावर होता. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या पेटीला असें दीर्घ स्मरण कोठून असणार?

म्हणून आमचें पहिलें सांगणें असें कीं, अपघात झाल्यावर घरांतील जो कर्ता माणूस सर्वांना कामें वांटून देतो, त्यानें रुग्णालय, पोलिस आणि नातेवाईक यांच्याबरोबर चौथें काम एकाला नेमून द्यावें: त्याच दिवशीं अपघातस्थळीं जाऊन आजूबाजूचे कॅमेरे मोजणें. हें काम रुग्णाजवळ बसण्याइतकें निकडीचें आहे, आणि तें रडणाऱ्या मुलाला न देतां पुतण्याला, जांवयाला किंवा शेजाऱ्याला द्यावें. सुतकांत दुसऱ्याच्या दारीं जावयाचें कसें, असा संकोच घरांतील वडील मंडळींना वाटत असेल तर शेजारी पाठवावा. संकोचापायीं दिवस मात्र घालवूं नये. केवळ अपघाताच्या जागेपुरतें पाहूनही भागत नाहीं. मोटार ज्या दिशेनें आली व ज्या दिशेनें गेली त्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन चौक चालून पाहावे. पेट्रोलपंप, बँकेचें एटीएम, औषधाचें दुकान, गृहसंस्थेचें फाटक, थांब्यावरची बस, रिकाम्या प्लॉटवरचा ठेकेदाराचा खांब, कोठेंही हा डोळा असतो. चौकांतील सरकारी कॅमेऱ्याचें चित्रण तुम्हांला थेट मिळण्याची आशा धरूं नये; त्यासाठीं पोलिसांकडेच अर्ज करावा.

मालकाकडे गेल्यावर अर्धें काम गोडीनें होतें. त्याला चित्र लगेच मागूं नये. आधीं तें पुसलें जाणार नाहीं एवढी व्यवस्था करावयाला सांगावें, म्हणजे त्या दिवसाचें चित्रण पेटींतून निराळ्या तबकडीवर उतरवून ठेवावयाला. तोंडी सांगून न थांबतां तारीख, वेळ आणि जागा लिहून दोन प्रतींत पत्र द्यावें आणि एकीवर पोहोंच घ्यावी. तशाच पत्राची प्रत पोलिस ठाण्यांत द्यावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ९४ व्या कलमानें ठाण्याच्या प्रमुख अधिकाऱ्याला असा पुरावा हजर करण्याचा लेखी हुकूम काढतां येतो. तो निघाला कीं "मालक गांवाला गेले आहेत" हें उत्तर फार दिवस पुरत नाहीं. मालक पडद्यावर चित्र दाखवीत असतांना त्याचें आपल्या मोबाइलवर चित्र घेण्याची घाई सर्वजण करतात. अगदीं कांहींच नसण्यापेक्षां तें बरें, परंतु त्यावर विसंबूं नये. पडद्यावरून घेतलेल्या चित्रांत क्रमांकाचीं अक्षरें विरघळतात, आणि व्हॉट्सअॅपवरून पाठविलेलें चित्र तर आकसून येतें व आपल्या जन्माची माहिती वाटेंत सांडून येतें. यंत्रांतून ज्या मूळ स्वरूपांत तें निघतें त्याच स्वरूपांत घ्यावें. तें पाहण्यासाठीं निराळी आज्ञावली लागत असेल तर तीही बरोबर घ्यावी.

अण्णांच्या घरीं परत येऊं. दुकानांतून धाकटा मुलगा हात हालवीत परतला, तेव्हां त्याच्या चुलतभावानें, कॉलेजांत शिकणाऱ्या मुलानें, पुढच्या कोपऱ्यापासून एकेक दार ठोठावण्यास आरंभ केला. एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेच्या दारावर कॅमेरा होता आणि त्याची पेटी तीस दिवसांचें जपून ठेवीत होती. साडेपांच ते सहा या वेळेचें चित्रण त्यानें तीनदां पाहिलें. पाऊस, दोन कुत्रीं, एक रिक्षा, मोटार नाहीं. दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. पण त्या मुलाच्या लक्षांत आलें कीं, त्यांच्या गल्लींत दररोज सव्वापांचाला येणारा दुधाचा टेंपो चित्रांत पांच अडतिसाला कोपरा वळतांना दिसतो. आणखी चार दिवसांचें पाहिलें. रोज तोच टेंपो, रोज तीच तेवीस मिनिटें. टेंपो उशिरा येत नव्हता, पेटीचें घड्याळ पुढें होतें. मग सहा वाजून तीन मिनिटांचें चित्र काढलें, आणि करड्या रंगाची एक मोटार, डावा दिवा फुटलेला, कोपऱ्यावरून वळतांना दिसली.

हीं घड्याळें कोणी लावीत नाहीं. एकदां बसविणाऱ्यानें जी वेळ दिली ती, त्यांतून वीज गेली तर कधीं कधीं कुठल्या तरी भलत्याच वर्षाची. म्हणून चित्र घेतेवेळीं पेटीच्या पडद्यावरचें घड्याळ आणि आपल्या मोबाइलवरचें घड्याळ शेजारीं धरून दोहोंचें एक छायाचित्र काढून ठेवावें. पुढें न्यायालयांत प्रतिपक्षाचा वकील "तुमच्या चित्रांत सहा तीन, फिर्यादींत पांच चाळीस, हें कसें?" असें विचारील तेव्हां हें एक छायाचित्र शंभर शब्दांचें काम करतें. आमच्या या मुलानें दुधाच्या टेंपोवाल्याचाही जबाब लिहून घ्यावयाला लावला. तो मुलगा वाणिज्य शाखेचा आहे. पण हें शहाणपण कोणत्या शाखेंत शिकवितात तें आम्हांस ठाऊक नाहीं.

मोटारीच्या क्रमांकांतील शेवटचा आंकडा पावसानें वाचतां येत नव्हता, बाकीचा वाचतां येत होता. पोलिसांनीं रंग, बनावट आणि फुटका दिवा यांवरून गाडी हुडकली. येथें या क्रमांकाचें मोल काय हें सांगितलें पाहिजे. मोटार सांपडलीच नसती, तर मोटार वाहन कायद्याच्या १६१ व्या कलमाखालीं, धडक देऊन पळालेल्या अज्ञात वाहनाबाबत, मृत्यु झाल्यास २ लक्ष आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये एवढीच ठराविक रक्कम मिळते. मोटार व तिचा विमा सांपडला कीं १६६ व्या कलमाखालीं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें रीतसर भरपाई मागतां येते. हा दावा अपघातापासून सहा महिन्यांत करावा अशी मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढें गेलेला आहे, परंतु शहाण्यानें वादाच्या निकालाची वाट पाहत बसूं नये.

मोटारीचा मालक सांपडला, आणि त्याचें म्हणणेंही आलें: गाडी अगदीं सावकाश होती, वृद्ध गृहस्थ उभ्या टेंपोआडून एकाएकीं पुढें आले, भीतीनें आपण थांबलों नाहीं. खरें कीं खोटें? प्रयोगशाळेच्या चित्रांत धडक दिसत नाहीं. दिसते ती धडकेनंतरची मोटार. धडक पाहिली होती ती वाण्याच्या कॅमेऱ्यानें. जो साक्षीदार सर्व जाणत होता तो गेला, आणि जो उरला त्याच्याकडून तर्कानें काढावयाचें.

तर्क काढतां येतो, पण जपून. चित्रपट जसा एकामागून एक स्थिर चित्रांचा बनतो तसेंच हें चित्रण असतें; एका सेकंदांत कांहीं ठराविक चित्रें घेतलीं जातात. रस्त्यावरील दोन विजेच्या खांबांमधील अंतर फितीनें मोजावें, मोटार एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत किती चित्रांत पोहोंचली तें मोजावें, कीं वेग निघतो. समजा अंतर २८ मीटर आहे आणि मोटारीला ३५ चित्रें लागलीं. यंत्र सेकंदाला २५ चित्रें घेत असेल तर १.४ सेकंद झाले, म्हणजे वेग ताशीं ७२ किलोमीटर. पण यंत्र जर सेकंदाला १५ च चित्रें घेत असेल, तर त्याच ३५ चित्रांना २.३३ सेकंद लागले आणि वेग ताशीं ४३ किलोमीटर झाला. तेंच चित्र, तीच मोटार. एका हिशेबानें बेफाम, दुसऱ्यानें सभ्य. शिवाय स्वस्त यंत्रें रात्रीं किंवा पावसांत मधलीं चित्रें गाळतात. म्हणून यंत्राची मूळ प्रत व त्याची माहिती हातीं असल्याखेरीज वेगाविषयीं छातीठोकपणें बोलणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये, मग तो आपल्या बाजूचा कां असेना. उंचावर बसविलेल्या रुंद भिंगांतून जवळचें अंतर ताणलेलें आणि दूरचें आखडलेलें दिसतें. दूरची मोटार आहे त्याहून मंद आणि पायीं चालणारा आहे त्याहून सुरक्षित भासतो. "त्यांना मोटार दिसत नव्हती काय?" असें चित्र पाहणारा सहज म्हणून जातो; पण अण्णांचे डोळे पंधरा फूट उंच खांबावर नव्हते.

चित्र पाहिलें कीं सर्वांना एकच सत्य दिसेल, ही समजूत किती भोळी आहे याचें एक उदाहरण अमेरिकेंत प्रसिद्ध आहे. २००१ च्या मार्च महिन्यांत जॉर्जिया राज्यांत वेगमर्यादा ओलांडणाऱ्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाचा पोलिसांनीं पाठलाग केला. शेवटीं पोलिसाच्या गाडीनें त्याच्या मोटारीला मागून धक्का दिला, ती रस्त्याबाहेर गेली आणि मुलगा जन्माचा पांगळा झाला. पाठलागाचें चित्रण पोलिसांच्या गाडींतील कॅमेऱ्यांत होतें. २००७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनीं तें पाहून, मुलाचें वाहन चालविणें इतरांच्या जिवावर बेतणारें होतें, असा निर्णय दिला, आणि चित्रण सर्वांसाठीं खुलें केलें. नववे न्यायमूर्ति स्टीव्हन्स यांनीं तेंच चित्रण पाहिलें आणि त्यांना तसें दिसलें नाहीं. पुढें २००९ मध्यें कांहीं विद्वानांनीं तें सुमारें १,३५० लोकांना दाखविलें. बहुसंख्य लोक न्यायालयाशीं सहमत झाले. तरी पाहणारा कोणत्या समाजांतील, कोणत्या मतांचा, यावर त्याला काय दिसतें हें पुष्कळ अवलंबून होतें. डोळा पाहतो आणि मन वाचतें, असें आपल्याकडे वेगळें सांगावें लागत नाहीं. तरी मोबाइलवर आलेलें चित्र पाहून न्यायनिवाडा करण्यांत आपणही मागें नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. ही बाजू रुक्ष आहे, पण हातचा पुरावा येथेंच अधिक वेळां निसटतो. चित्रण मिळालें म्हणजे तें न्यायालयांत आपोआप वाचलें जातें असें नाहीं. यंत्रांतील पुराव्याची प्रत हजर करतांना तिच्याबरोबर प्रमाणपत्र लागतें. हें यंत्र कोणाच्या ताब्यांत होतें, तें नीट चालत होतें, ही प्रत त्यांतूनच काढली, असें जबाबदार माणसानें सही करून सांगावें लागतें. जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमांत ही अट होती. १८ सप्टेंबर २०१४ च्या निर्णयांत सर्वोच्च न्यायालयानें ती सक्तीची ठरविली. मग २०१८ मध्यें ज्याच्या ताब्यांत यंत्रच नाहीं त्यानें प्रमाणपत्र कोठून आणावें या विचारानें ती सैल झाली, आणि बराच घोटाळा माजला. तो घोटाळा निवारला एका महाराष्ट्रीय प्रकरणानें, जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादानें.

प्रकरण असें. २०१४ च्या निवडणुकींत जालन्यांत अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यावर २९६ मतांनीं विजयी झाले. खोतकरांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारीं तीनची मुदत टळल्यावर स्वीकारले गेले असा आक्षेप होता, आणि त्याची साक्ष निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयांतील कॅमेऱ्यांत होती. चित्रणाच्या प्रती मिळाल्या. प्रमाणपत्र मात्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनीं दिलें नाहीं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें २०१७ मध्यें निवडणूक रद्द केली, आणि १४ जुलै २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल कायम ठेवतांना नियम स्पष्ट केला. प्रतीबरोबर प्रमाणपत्र हवेंच. मूळ यंत्रच, उदाहरणार्थ ज्यावर चित्र घेतलें तो मोबाइल, त्याच्या मालकानें साक्षीच्या पिंजऱ्यांत आणून शाबीत केला तर त्याची गरज नाहीं. आणि मागूनही कोणी प्रमाणपत्र देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून तें मागवावें. सर्व प्रयत्न करूनही न मिळाल्यास अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करीत नाहीं. पण हें तत्त्व उपयोगी पडतें तें ज्यानें लेखी मागणी केली आहे त्यालाच. पोहोंच जपून ठेवा असें आम्ही वर म्हटलें, त्याचें हें दुसरें कारण.

१ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष अधिनियम अंमलांत आला. त्याच्या ६३ व्या कलमांत प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत, एक यंत्राच्या ताबेदारानें भरावयाचा आणि दुसरा तज्ज्ञानें. दोहोंत चित्राचें "हॅश" मूल्य लिहावें लागतें. आपल्या अंगठ्याचा जसा ठसा, तसा हा चित्रण-फाइलचा ठसा असतो. गणितानें निघणारी अक्षरांची व अंकांची एक लांब ओळ. फाइलींतील एक कण जरी बदलला तरी ही ओळ बदलते. खोटीं चित्रें संगणकावर बेमालूम बनूं लागलेल्या या काळांत हा ठसा पहिल्या दिवशींच घेतलेला बरा, कारण त्या दिवसानंतर कोणी कांहीं बदललें नाहीं एवढें तरी तो सांगतो. त्या दिवसापूर्वींचें सांगूं शकत नाहीं. दावा न्यायाधिकरणाचें काम संक्षिप्त रीतीनें चालतें आणि तेथें फौजदारी खटल्याइतका कडेकोट पुरावा लागत नाहीं, संभाव्यतेचा तोल पाहतात. त्यामुळें कित्येक वकील प्रमाणपत्राकडे दुर्लक्ष करतात. आमच्या मतें तें चुकीचें आहे. विमा कंपनीचा वकील आक्षेप घेणारच, आणि तेंच चित्र फौजदारी न्यायालयांत गेलें कीं कडक नियम लागणारच. प्रयोगशाळेच्या मालकिणीनें सही देण्यास आधीं नाहीं म्हटलें. कोर्टाच्या फेऱ्यांना कोण भीत नाहीं? अण्णांच्या थोरल्या सुनेनें जाऊन त्यांची समजूत घातली. तें काम पुरुषांपैकीं कोणाला साधलें नव्हतें.

एक अवघड गोष्ट उरते. चित्र आपल्याविरुद्धही बोलतें. मोटार आपल्या मुलाच्या हातीं असेल, डॅशकॅम आपल्याच गाडींत असेल, आणि तोंडी हकीकत व चित्र यांत अंतर असेल, तेव्हां घर काय करतें? चिप काढून खिशांत घालणें फार सोपें असतें. न्यायालयापुढें येऊं नये म्हणून असा पुरावा नष्ट करणें हा भारतीय न्याय संहितेच्या २४१ व्या कलमाखालीं गुन्हा आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरांत एका भरधाव मोटारीनें दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालविणारा मुलगा अल्पवयीन होता. त्याच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना आणि घरच्या वडील माणसांना अटक झाली; इकडे तो त्या रात्रीं मद्यपान करीत असल्याचें मद्यालयांतील कॅमेऱ्याचें चित्रण आपल्याजवळ आहे, असें पोलिसांनीं जाहीर केलें. त्या खटल्याचा न्याय न्यायालय करील. परंतु मुलावरील माया कोणत्या थराला जाऊं शकते, हें त्या दिवसांत प्रत्येक सुशिक्षित घरानें वर्तमानपत्रांत वाचलें, आणि पुष्कळ घरांत त्यावर जेवतांना कोणी बोललें नाहीं.

अण्णांच्याही चित्रानें घरच्यांना एक गोष्ट सांगितली, आणि ती त्यांना नको होती. प्रयोगशाळेच्या कॅमेऱ्याच्या एका कडेला रस्त्याचा थोडा भाग येतो. त्यांत मोटार येण्याच्या कांहीं क्षण आधीं अण्णा पादचाऱ्यांच्या पट्ट्यांपासून वीस-पंचवीस पावलें अलीकडे, उभ्या टेंपोच्या पुढून रस्त्यावर उतरतांना दिसतात. नंतर ते टेंपोआड होतात. म्हणजे मालकाच्या बोलण्यांत अर्धें तथ्य होतें. तेवढा भाग कापून चित्र द्यावें, असें एका आप्तानें सुचविलें. थोरल्या मुलानें तें ऐकून घेतलें आणि सबंध चित्र, कांहींही न कापतां, पोलिसांना व वकिलांना दिलें. न्यायाधिकरणानें अण्णांकडे कांहीं अंशीं निष्काळजीपणा लावला तर भरपाई त्या प्रमाणांत कमी होईल, हें त्याला वकिलांनीं सांगितलें होतें. दावा अद्याप चालू आहे.

या घराची आणखी एक गोष्ट आम्हांला आवडली. चित्र हातीं आल्यावर तें आप्तांच्या मोबाइल-गटांवर पाठवावयाचें नाहीं, असें दोघां भावांनीं ठरविलें. अशीं चित्रें किती लवकर परक्यांच्या हातीं जातात आणि कोणाच्या मुलांना अचानक दिसतात, हें सर्वांना माहीत आहे. एक प्रत वकिलांकडे, एक पोलिसांकडे, एक पाकिटांत बंद करून घरच्या लोखंडी कपाटांत, वर तारीख आणि दोघांच्या सह्या. तिला कोणी हात लावीत नाहीं.

काकूंना कोणी चित्र दाखविलें नव्हतें, आणि त्यांनींही कित्येक महिने विचारलें नाहीं. मग माघांत एके दिवशीं दुपारीं त्यांनीं पुतण्याला जवळ बोलावून विचारलें, "त्यांत हे चालतांना दिसतात का रे?" तो गडबडला, म्हणाला, दिसतात, पण पुढचें पाहूं नका. "पुढचें नको मला," त्या म्हणाल्या. त्यानें मोबाइलवर तेवढाच भाग लावून दिला. पावसांत, डाव्या बाजूनें, परडी छातीशीं धरून अण्णा येतात, कोपऱ्यावर थांबून छत्री मागें कलती करून आभाळाकडे पाहतात, आणि पुन्हा चालूं लागतात. सारीं नऊ सेकंद. काकूंनीं तें दोनदां पाहिलें. परडींत जास्वंदी होत्या, त्या म्हणाल्या. म्हणजे मोरेश्वराच्या आवारांतून ते आधींच परतले होते, ते घराकडेच येत होते.